आईच्या दोन तारखा

माणसाने मरावं तर एकदाच मरावं, असा आपला साधा शिरस्ता आहे. घड्याळजीची आई मात्र दोनदा मेली होती. एकदा तो दोन वर्षांचा असताना आणि एकदा तो एकतीस वर्षांचा असताना. दोन्ही वेळा सरकारी शिक्क्यानिशी, कुठे खाडाखोड नाही की गिचमिड नाही.

हे सगळं निघालं नातीच्या अर्जावरून. घड्याळजीचे आईवडील ज्या देशातून बोटीने इकडे आले, तिथलं एक विद्यापीठ म्हणे तिकडून गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांना जागा देतं. नातीने अर्ज केला. पणजीचं नाव, जन्म, मृत्यू, सगळं घड्याळजीने आपल्या टपोऱ्या अक्षरात भरून दिलं. महिन्याभराने अर्ज परत आला. वर चिठ्ठी टाचलेली: पणजीच्या मृत्यूच्या दोन तारखा आढळतात, खरी कोणती ते पुराव्यासह कळवावे.

"आजोबा, तुमची आई मध्येच उठून बसली होती वाटतं," नात म्हणाली. तिला गंमत वाटली. एकवीस वर्षांच्या पोरीला कशाचीही गंमत वाटते.

घड्याळजीला वाटली नाही. पंचावन्न वर्षं त्याने बाजारातल्या दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली होती. भिंतीवर दोन घड्याळं दोन वेळा दाखवायला लागली की तो हातातलं काम टाकून आधी ती जुळवायचा. मग ही तर त्याची आई. चिठ्ठी खिशात घालून तो तडक समोरच्या इमारतीत गेला, दुसऱ्या मजल्यावर, ताईकडे.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबा पहाटे गिरणीत जायचे ते दिवेलागणीनंतर परतायचे. याला न्हाऊमाखू घालायची ताई, भरवायची ताई, आणि पुढे प्रगतीपुस्तकावर पालकांच्या जागी सही ठोकायची तीही ताईच. मोठी झाल्यावर टेलिफोन ऑफिसात लागली. स्थळं येत होती. "मला एक पोर आहेच की, आणखी कशाला?" असं म्हणून तिने सगळ्यांना वाटेला लावलं. आईची एकही आठवण घड्याळजीची स्वतःची नव्हती. आई तीन दिवसांच्या तापात गेली हे ताईने सांगितलं म्हणून त्याला ठाऊक. आईच्या डाव्या भुवईवर वण होता, चालताना ती गुणगुणायची, हेही ताईकडूनच. तो ते सगळं डोळे मिटून मानत आला होता. ताईवर नाही विश्वास ठेवायचा तर मग ठेवायचा कोणावर?

ताईने चिठ्ठी वाचली, घडी घातली, परत उलगडली. "अरे, दुसरी कोणी असेल त्याच नावाची. सरकारी घोळ तुला नवीन आहे का? माझ्या ओळखपत्रावर मी सहा महिने पुरुष होते."

"तेच म्हणतो मी. पण पुरावा मागतायत."

"मग नको करू तो अर्ज. पोरीला इथे शिकायला कॉलेजं कमी पडली का?"

तिचा आवाज जरा चढला होता. घड्याळजीला वाटलं, वय झालं, चिडते बिचारी. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो अभिलेख कार्यालयात गेला. जाताना मनाशी एकच ठरवलं होतं: ही दुसरी बाई वेगळी आहे हे सिद्ध करायचं आणि त्या लोकांच्या तोंडावर मारायचं.

कार्यालय तळघरात होतं. लोखंडी फडताळं, त्यांच्यावर नंबर, पिशव्या बाहेर ठेवायच्या, पेन बंद, लिहायचं तर शिसपेन्सिलीने. तिथल्या बाई चाळिशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्यांनी दोन गठ्ठे आणून टेबलावर ठेवले. एक बाबांच्या नागरिकत्वाच्या अर्जाची फाइल. दुसरं एक लांबट, दुमडलेलं कार्ड.

"हे परदेशी लोकांचं कार्ड," बाई म्हणाल्या. "ज्यांना नागरिकत्व मिळालेलं नसायचं, त्यांनी दरवर्षी मुख्य कचेरीत येऊन यावर सही करायची. मी आजोबा, कागद जुळेनासे झाले की एकच बघते. ही गोष्ट सांगितली कोणी, आणि ती सांगून त्याचं काय भलं झालं."

"ही बाई वेगळी आहे," घड्याळजीने सुरुवातच तिथून केली. "आडनावच वेगळं आहे."

"माहेरचं आहे. पासपोर्ट लग्नाआधी काढलेला, तोच घेऊन बोटीत बसली. म्हणून तर तुमच्या वडिलांच्या फाइलशी हे कार्ड कधी जोडलं गेलं नाही. त्या विद्यापीठाने बोटीच्या यादीवरून शोधलं, तेव्हा कुठे सापडलं."

"असं तुम्ही म्हणता."

"बोट तीच आहे."

"एका बोटीत एका नावाच्या दोन बायका असू शकतात."

"असू शकतात," बाईंनी कबूल केलं. "दोघींबरोबर तीन तीन वर्षांची मुलगी?"

"असू शकते."

बाईंनी बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर वण. त्या बाईंना बिचाऱ्यांना काय माहीत की हा वण त्याने लहानपणी ताईच्या कपाळावर बोट फिरवून किती वेळा शोधला होता. "इथे होता का? की इथे?" असं.

मग त्यांनी बाबांची फाइल उघडली. पत्नी: मृत. त्याच्यापुढे त्याच हस्ताक्षरात: दाखला जोडलेला नाही, अर्जदाराच्या तोंडी सांगण्यावरून. आणि त्याच वर्षी कार्डावर आईचा पत्ता होता शहराबाहेरच्या क्षयाच्या रुग्णालयाचा.

"त्या काळात घरात एकाला जरी क्षय निघाला, तरी अख्ख्या कुटुंबाला परतीच्या बोटीत बसवायचे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "असे विधुर मी याआधीही पाहिलेत, आजोबा. बायको मेली असं लिहून दिलं की बाकीचे वाचायचे. फक्त ती बरी होऊन आली, तर तिला घरी घेता येत नसे. घेतली तर खोटं उघडं पडणार."

दोन वर्षांनी ती बरी झाली होती. कार्डावर त्यापुढचे पत्ते होते, सगळे याच शहरातले. काम: धुलाईकेंद्र. दरवर्षी एक सही. उतरताना जवळ असलेल्या मौल्यवान वस्तू या रकान्यात एकच वस्तू होती, बायकी मनगटी घड्याळ, आणि त्याचा सहा आकडी क्रमांक. घड्याळजीने तो क्रमांक सवयीने कागदावर उतरवून घेतला.

"आता कार्डाच्या शेवटी मृत्यूची नोंद बघा," बाई म्हणाल्या. "ही तोंडी नाही. डॉक्टरची सही आहे, माहिती देणाऱ्याचीही आहे."

माहिती देणाऱ्याचे नाते: मुलगी. त्याखाली सही. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून नावाखालून रेघ ओढलेली. हीच सही त्याच्या आठ प्रगतीपुस्तकांवर होती. गणितात नापास झाला त्या वर्षीही होती, फक्त जरा रागाने केलेली.

घड्याळजीने तारीख पाहिली आणि त्याला तो आठवडा आठवला. ताई तीन दिवस घरी नव्हती, मैत्रीण आजारी आहे म्हणाली होती. परत आली ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. याने दुकान बंद ठेवून दिवसभर तिचं डोकं चेपलं होतं, आणि तिला बरं वाटावं म्हणून गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवल्या होत्या. आई गेली त्या आठवड्यात त्याने नकला केल्या होत्या, आणि हिने त्या करू दिल्या.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. परक्याने फसवलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. इथे शिवी द्यायची कोणाला?

बाईंनी कार्डाची प्रत काढून दिली. तो घरी आला, पण समोरच्या इमारतीत गेला नाही. तो क्रमांक त्याला टोचत होता. दुकानात त्याची एक पद्धत होती, त्याच्या उस्तादाची शिकवण: वहीत गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही. नावं बदलतात, माणसं थापा मारतात, घड्याळाचा क्रमांक बदलत नाही. तारीख, क्रमांक, दोष, इलाज. बस. सगळा बाजार त्याच्या वह्यांत होता आणि एकाही माणसाचं नाव नव्हतं.

त्याने नातीला माळ्यावरून वह्या काढायला लावल्या.

"आजोबा, यात धूळ आहे की धुळीत या आहेत?" ती शिंकत म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून खाली येऊन बसली.

पहिल्या तीन वह्यांत काही नव्हतं. चौथी वही त्याच्या एकोणिसाव्या वर्षाची, उस्तादाने वही पहिल्यांदा त्याच्या हाती दिली तेव्हाची. त्यात तो क्रमांक होता. त्याच्याच अक्षरात. दोष: आढळला नाही. इलाज: किल्ली देऊन परत.

"कार्डावरची त्या वर्षीच्या सहीची तारीख वाच," तो म्हणाला.

"चौदा."

वहीतही चौदा होती. पुढच्या वर्षीची वही काढली. नातीने वाचलं, "नऊ." याने वहीत पाहिलं, नऊ. त्याच्या पुढच्या वर्षी बावीस आणि बावीस. मुख्य कचेरी दुकानापासून दोन गल्ल्यांवर होती. वर्षातून एक दिवस ती कामावरून सुट्टी घेऊन सही करायला यायची, आणि तिथून दुकानात. अकरा वर्षं, अकरा तारखा. नातीचा आवाज हळूहळू खाली गेला. शेवटी ती नुसतं बोट ठेवत होती आणि तो मान हलवत होता.

ते घड्याळ त्याला लख्ख आठवत होतं. छोटं, गोल, काचेवर पाचाच्या आकड्याजवळ ओरखडा, पट्ट्याला साबणाचा वास. चालायला एकदम ठणठणीत. बाई सांगायची, मध्येच बंद पडतं. केव्हा, म्हणून विचारलं तर म्हणायची, रात्री. "रात्री कशाला बघत बसता? झोपा की," असं तो एकदा म्हणाला होता आणि सगळं दुकान हसलं होतं. तीही हसली होती का? ते त्याला आठवेना. काउंटरवर ठेवलेला तिचा हात आठवत होता, सोड्याने सोललेला, लाल. हाताच्या वर काही आठवत नव्हतं. भुवई तर नाहीच. डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी घड्याळ बघतो. ते घेऊन आलेलं माणूस बघायची त्याला गरज काय? उस्तादाने तसंच शिकवलं होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

अकरावी नोंद त्याच्या एकोणतिसाव्या वर्षाची. तोवर उस्ताद वारले होते, दुकान त्याचं झालं होतं, कामाचा ढीग पडलेला असायचा. दोष: नाही. आणि पुढे: पुन्हा आणू नये असे सांगितले.

"अजून दोन सह्या उरल्यात," नात म्हणाली. "त्यांच्या तारखा वहीत कुठेत?"

"नाहीत," तो म्हणाला.

तो उठला. नात बरोबर येते म्हणाली, त्याने नको म्हटलं. दुपारचे चार वाजले होते. ताई खिडकीपाशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने कार्डाची प्रत आणि वही तिच्यासमोर ठेवली. ताईने चष्मा लावला, कार्डाच्या शेवटी असलेली स्वतःची सही पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"कोणी दिलं हे?"

"दिलं कोणी ते सोड. ती जिवंत होती."

"होती."

"तुला केव्हापासून माहीत?"

"पहिल्यापासून," ताई म्हणाली. "बाबा मला दवाखान्याच्या कुंपणापाशी नेऊन दाखवायचे. तुला नेलं नाही. तू लहान, कुठेही बोलून बसला असतास. मग आपल्याला सगळ्यांना बोटीत घालून पाठवलं असतं रे. बाबांनी काय करायचं होतं?"

"बाबांचं मी समजू शकतो," तो म्हणाला. खरं तर तेही त्याला समजत नव्हतं, पण त्यांच्याशी भांडण करायला ते होते कुठे? "बाबा गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्यानंतर नऊ वर्षं आई होती. त्या नऊ वर्षांत कोण बोट घेऊन येणार होतं आपल्याला न्यायला?"

ताईने एका उशीच्या अभ्र्याची घडी मोडली आणि परत घातली.

"तिनेच नको म्हटलं असं सांग. तेवढं तरी सांग," तो म्हणाला.

"नाही म्हटलं तिने. ती मागेच लागली होती माझ्या. आता सांग, आता तरी सांग. मी म्हणायचे, थांब, त्याची परीक्षा होऊ दे. थांब, त्याचं लग्न होऊ दे. थांब, त्याला मूल होऊ दे." मग तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "मी तुला वाढवलं. नऊ वर्षांची होते मी. तुझी हागरी दुपटी मी धुतली, तुझ्यासाठी मी घर केलं नाही, दार केलं नाही. आणि ती एक दिवस येऊन आई म्हणून उभी राहिली असती. तू गेला असतास तिच्याकडे."

"गेलो असतो तर दोघी असता ना मला."

"मला नको होतं ते," ताई म्हणाली. "माझंही काही असावं असं वाटलं मला. तू होतास. तेवढाच होतास."

घड्याळजीला वाटलं होतं की खरं ऐकलं की राग येईल, तोंड सुटेल. राग आलाच, पण त्याच्याखाली लाज होती. कारण ती खरं बोलत होती. तिने खरंच सगळं केलं होतं, आणि त्याच हाताने हेही केलं होतं.

"माझ्या दुकानाचा पत्ता तिला तूच दिलास?"

"हो. म्हटलं, लांबून बघून ये. बोलायचं नाही अशी शपथ घातली होती मी तिला. ती घड्याळ घेऊन जायला लागली ते मला दोन वर्षांनी कळलं. गिऱ्हाईक म्हणून बोलणं शपथेत बसत नाही, म्हणाली." ताई किंचित हसली आणि लगेच थांबली.

"शेवटच्या वेळी मी तिला परत येऊ नका म्हटलं."

"माहीत आहे. त्या दिवशी माझ्या ऑफिसात आली होती ती, पहिल्यांदाच. बाकड्यावर बसली. म्हणाली, पोराला माझा त्रास होतोय गं, कामं पडलीयेत त्याला, मी आपली उगाच जाते."

"तू काय म्हणालीस?"

बाहेर कोणाची तरी हातगाडी खडखडत गेली.

"ताई, तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मग नको जाऊस."

दोन वर्षं, दोन सह्या. ती कचेरीपर्यंत आली असेल, सही केली असेल, आणि दोन गल्ल्यांच्या तोंडाशी उभी राहून परत फिरली असेल. तो तेव्हा आत मान खाली घालून कोणाचं तरी घड्याळ बघत होता. कोणीतरी त्याला मान वर कर एवढंच सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं. रोज संध्याकाळी त्याच्यासमोर जेवायला बसत होतं.

"आता या वयात मला टाकणार आहेस का?" ताईने विचारलं. एकोणऐंशी वर्षांची होती ती. गोळ्यांच्या डबीवर वारांची नावं त्यानेच लिहून दिली होती.

"टाकीन कसा? तुला आहे कोण?" तो म्हणाला. "येईन रोज. गोळ्या देईन. डॉक्टरकडे नेईन."

"मग?"

त्याने वही उचलली, कार्डाची प्रत तिच्यात घातली आणि काखेत धरली. दारापाशी चपला होत्या. भिंतीचा आधार घेऊन त्याने त्या घातल्या.

ताई मागे उभी होती. गेली सत्तर वर्षं तो कुठेही निघाला की ती अशीच मागे उभी राहायची. "भुरभुर सुरू झालीय बाहेर," ती म्हणाली. "छत्री ने."

कोपऱ्यात छत्री होती. त्याने ती घेतली नाही. दार उघडून तो जिन्यातल्या खिडकीशी गेला, हात बाहेर काढला आणि खरंच पाऊस पडतोय का ते बघितलं.